बासष्ट टक्क्यांवर अडलेली विंडो

राळेगावच्या एका अनुदानित शाळेचे हेडक्लार्क मारोतराव ढुमणे यांना सरकारी मराठी जितकी समजते तितकी घरातली समजत नाही, असं त्यांच्या पत्नीचं, विजयमालाबाईंचं, जुनं मत होतं. बायकोनं "आज भाजीत मीठ कमी पडलं काय?" असं विचारलं की ते "हो" म्हणून मोकळे व्हायचे, आणि मग संध्याकाळपर्यंत घर एवढं शांत का आहे याचा विचार करत बसायचे. पण वरून आलेल्या पत्रात "उचित कार्यवाही व्हावी" असं असलं की उचित म्हणजे किती उचित, कार्यवाही कोणावर, आणि ती कालच व्हायला हवी होती की परवा, हे सगळं त्यांना पत्र पाकिटातून पुरतं बाहेर येण्याआधी कळायचं. गावात त्यांना मारोतराव कोणी म्हणत नसे. बडेबाबू म्हणत.

अशा माणसाच्या नजरेला विद्यापीठाची ती सूचना पडली, आणि तिथून सगळं सुरू झालं.

सूचना खरं तर विजयमालाबाईंच्या मोबाइलवर आली होती. लग्नामुळे सुटलेली बी.ए.ची पदवी त्या घरबसल्या शिकवणाऱ्या एका विद्यापीठातून पुरी करत होत्या. एकच पेपर राहिला होता, लोकप्रशासनाचा. तो घरच्याच कॉम्प्युटरवर, कॅमेऱ्यासमोर बसून द्यायचा होता. नोंदणीची मुदत या सत्राबरोबर संपत होती, म्हणजे हा पेपर हुकला की आधीचे सगळे पेपर पाण्यात आणि पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. विजयमालाबाई तसं बोलून दाखवत नसत. पण बऱ्याच दिवसांपासून पोळ्या लाटताना त्यांचे ओठ हलत होते, आणि ते स्तोत्र नव्हतं.

सूचनेत लिहिलं होतं, "परीक्षार्थींनी आपल्या संगणकावर अद्ययावत कार्यप्रणाली वापरणे श्रेयस्कर राहील."

विजयमालाबाईंनी ते वाचलं, मोबाइल बाजूला ठेवला आणि तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या. बडेबाबूंनी वाचलं आणि ते उठून उभे राहिले.

"विजया, हे पाह्यलं काय? श्रेयस्कर राहील म्हणते!"

"मंग? राहू द्या ना श्रेयस्कर."

"तुले समजून नाही राह्यलं. माही सारी नोकरी हे शब्द वाचण्यात गेली. 'आवश्यक आहे' असं लिहिलं मंजे सावकाश करा, ते सगळ्यायलेच लिहितात. पण 'श्रेयस्कर राहील' असं लिहिलं मंजे करा, नाहीतर मेमो. कोणाच्या तरी मनात तुह्यं नाव हाय."

"मागचे पेपर याच कॉम्प्युटरवर देल्ले ना मी?"

"तवा श्रेयस्कर नव्हतं."

यावर शेंगा सोलण्याखेरीज काही करता येण्यासारखं नव्हतं.

कॉम्प्युटर लॉकडाऊनमध्ये मुलाच्या, नयनच्या, कॉलेजसाठी घेतलेला. नयन नोकरीला पुण्याला गेला, आणि हा बैठकीच्या कोपऱ्यात क्रोशाच्या रुमालाखाली मागे राहिला. विजयमालाबाईंनी त्याची सगळी भाषा मराठी करून घेतली होती. त्यामुळे त्या घरात शुद्ध मराठी बोलणारा तो एकटाच होता.

आपल्याकडे कॉम्प्युटरात नवी कार्यप्रणाली बसवण्याला विंडो टाकणं म्हणतात. भिंत फोडून खिडकी काढावी तितक्या सहजतेनं म्हणतात. प्रत्यक्षात कार्यप्रणाली म्हणजे काय, हे गावात कोणालाच नीट सांगता येत नाही. कॉम्प्युटर ही शाळेची इमारत धरली तर कार्यप्रणाली म्हणजे हेडक्लार्क, असं बडेबाबूंनी स्वतःपुरतं ठरवलं होतं. दिसत कोणालाच नाही, पण तो रजेवर गेला की घंटासुद्धा वाजत नाही. या विचारानं त्यांना नव्या विंडोबद्दल आधीच आपुलकी वाटू लागली होती.

समोर राहणाऱ्या जहीरभाईंनी मात्र त्यांना घाबरवलं. जहीरभाई मोटार रिवायंडिंग आणि इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान चालवतात. विजेच्या बाबतीत त्यांचा शब्द गल्लीत शेवटचा.

"बडेबाबू, विंडो टाकता टाकता लाइन गेली ना, तो समझो खेल खतम," ते म्हणाले. "माह्या साढूच्या इथं गेली होती, कळंबले. तवापासून ते मशीन बंद टीव्हीसारखं बसून राह्यते. तोंड आपल्याकडं, पण ओळख नाही देत."

झालं. बडेबाबूंनी कोरा कागद घेतला, समास सोडला आणि "विषय: कार्यप्रणाली अद्यतनकाळात अखंडित वीजपुरवठा मिळणेबाबत" असा अर्ज लिहून तो स्वतः वीज कार्यालयात नेऊन दिला. खिडकीपलीकडच्या कारकुनानं तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्याचे डोळे जरा मोठे झाले. मराठी तेवढी भारी होती.

"घरी कोणी सिरियस हाय काय, बाबूजी?"

"नाही."

"लग्न?"

"नाही."

"मयत?"

"अजून नाही."

"मंग हे कशात बसवू मी? दवाखाना, पाणीपुरवठा, लग्न, मयत. या चाराच्या बाहेर मले काही दिसत नाही. तुम्ही यातलं एखादं पहा ना जमते काय!"

दुसरा कोणी असता तर भांडला असता. बडेबाबूंनी मात्र त्या कारकुनाकडे आदरानं पाहिलं. आपण त्याच्या जागी असतो तर याहून वेगळं काही केलं नसतं. अर्ज बसला नाही, पण पोच मिळाली. गोल शिक्क्याची पोच खिशात घालून ते विजयी माणसासारखे घरी आले, आणि वीज मिळाली की नाही हे विजयमालाबाईंनी विचारलं तेव्हा त्यांना जरा वेळानं आठवलं की ते काम झालेलंच नाही.

मग जहीरभाईच धावून आले. दुकानातला इन्व्हर्टर आणि ट्रकची वाटावी एवढी बॅटरी त्यांनी हातगाडीवर घालून आणली. इन्व्हर्टरची वायर त्यांनी बैठकीतल्या सॉकेटला जोडली, पण ते सॉकेट ढिलं होतं. कॉम्प्युटरचा प्लग खोचावा आणि त्यानं सावकाश बाहेर यावं, असं बराच वेळ चाललं. शेवटी जहीरभाईंनी घरून बायकोच्या, नसरीनभाभींच्या, जुन्या ओढणीची चिंधी आणली आणि प्लग सॉकेटच्या पेटीला करकचून बांधून टाकला.

"आता हा कयामतपर्यंत हलत नाही," ते म्हणाले.

पेपरच्या आदल्या दिवशी सकाळी बडेबाबू आंघोळ करून, रजा टाकून, कॉम्प्युटरसमोर बसले. पहिल्यांदा एक करारनामा आला. जगभरातले लोक तो न वाचताच "मान्य" म्हणतात अशी एक समजूत आहे. बडेबाबूंनी तो पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत वाचला. मध्ये एकदा चहा झाला. एका पोटकलमाला तर ते "वा!" म्हणाले. शेवटी सही आणि दिनांकाची जागा शोधत राहिले, ती नव्हतीच. नुसतं एक बटण होतं. एवढ्या थोर कराराचा शेवट इतका साधा असावा याचं त्यांना जरा वाईट वाटलं.

पुढच्या पानावर एक ओळ आली आणि ते खुर्चीत मागे रेलले.

"विजया! अवो, इकडं ये. हे वाच."

विजयमालाबाई पुस्तकात बोट घालून आल्या. पडद्यावर लिहिलं होतं, "आपल्या सर्व फायली जिथे होत्या तिथेच राहतील."

"मंग?" त्या म्हणाल्या.

"मंग काय मंग? घरातलं पूर्ण बिऱ्हाड बदलून राह्यलं, अन् फायली होत्या तिथंच! आमच्या शाळेत नुस्तं कपाट पुसाले काढलं होतं, तर एका मास्तरचं सेवापुस्तक आजून सापडून नाही राह्यलं."

त्यांनी बटण दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला, मग निळा. मधोमध पांढऱ्या ठिपक्यांचं एक वर्तुळ फिरू लागलं. घाई नाही, आवाज नाही. खाली अक्षरं उमटली, "अद्यतनावर काम चालू आहे. ३ टक्के पूर्ण. संगणक बंद करू नका."

बडेबाबू हात जोडून बसले नव्हते, असं ते अजूनही सांगतात. पण हात मांडीवर एकमेकांजवळ होते हे त्यांना मान्य आहे. कधी न पाहिलेली माणसं कुठल्या तरी दूरच्या देशात बसून काही लिहितात, आणि ते राळेगावात, कापसाच्या गाड्या जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या घरात येऊन, एका हेडक्लार्कच्या बैठकीत गुपचूप कामाला लागतं. आणि किती झालं ते दर थोड्या वेळानं कळवतं. न विचारता! बडेबाबूंनी आजवर ज्या ज्या कामाचा पाठपुरावा केला होता ती सगळी त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. त्यातल्या एकाही कामानं आपण होऊन सांगितलं नव्हतं की मी तीन टक्के झालो.

बारा टक्क्यांना हंसाबाई आल्या. हंसाबाई म्हणजे कुंपणापलीकडच्या शेजारीण. मूळच्या फुलसावंगीकडच्या तांड्यावरच्या. गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्याच हातांवर जगात आलेली, त्यामुळे त्या कोणाच्याही घरात न विचारता शिरत. आल्या आणि थबकल्या.

"काय झालं? घर एवढं चिडीचूप काहून?"

"हंसाबाई, हळू बोला," बडेबाबू कुजबुजले. "आत जुनं जाऊन राह्यलं अन् नवं येऊन राह्यलं. हात लावाचा नाही, बंद कराचं नाही. बाहेर येईपर्यंत काहीच सांगता येत नाही."

हंसाबाईंनी पडद्याकडे पाहिलं, फिरणाऱ्या ठिपक्यांकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"मंग बाळंतपण म्हणा ना सरळ! पंखा बंद करा पहिले. वारं लागन."

आणि घराचा ताबा त्यांच्याकडे गेला. पंखा बंद झाला. स्वयंपाकघरात फोडणी द्यायची नाही असं ठरलं, ठसका जातो म्हणून. दारातून येणाऱ्या प्रत्येकाला आधी पाय धुवायला लावलं. विजयमालाबाई पुस्तक आणि टिपणं घेऊन मागच्या ओसरीवर गेल्या. "मले फक्त वाचू द्या," एवढंच म्हणाल्या. बैठकीत जहीरभाई बॅटरीवर हात ठेवून बसले, नाडी पाहावी तसे. बाहेरच्यांना बातम्या जात राहिल्या. वीस. एकतीस. "एका दमात चाळीसवर आली!" हे ऐकून पलीकडच्या घरातल्या कोणीतरी "शाबास!" म्हटलं.

बासष्टला ते थांबलं.

ठिपके फिरत होते, पण आकडा हलेना. बडेबाबूंनी आधी एक डोळा मिटून पाहिलं, मग चष्मा पुसला. मग ते उगाच उठून बाहेर गेले आणि आपण न पाहिल्यासारखं करून एकदम आत वळले. बासष्ट. उन्हं अंगणात आली, बासष्ट. जहीरभाईंनी बॅटरीवरचा हात काढून स्वतःच्या छातीवर ठेवला.

"अडली," हंसाबाई म्हणाल्या.

"मंजे?"

"मंजे घरात कुठीतरी गाठ हाय. आमच्या तांड्यात बाई अडली ना बाबूजी, तर घरातलं एकूण एक कुलूप उघडतात अन् एकूण एक गाठ सोडतात. बंद काहीच ठेवाचं नाही. मंग ते मोकळी होते."

"हंसाबाई, हे विज्ञान हाय," बडेबाबू म्हणाले. ते पदवीधर होते आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा पत्रव्यवहार दरवर्षी त्यांच्याकडेच असायचा.

"हाय ना विज्ञान? मंग विचारा त्याले, काहून थांबलं म्हणा बासष्टले."

बडेबाबूंनी पडद्याकडे पाहिलं. पडदा विज्ञानाच्या बाजूनं काही बोलला नाही. त्यांना ओसरीवरच्या बायकोची पाठ दिसली, पुस्तकावर वाकलेली. उद्या पेपर. ते उठले, आणि सहजच, अगदी सहजच, कपाटाचं कुलूप उघडून आले.

"नाहीतरी उघडाचंच होतं," ते म्हणाले.

मग कोणाला थांबवणं शक्य नव्हतं. पेट्या उघडल्या. पिठाच्या पोत्याची सुतळी सुटली. मच्छरदाणीच्या नाड्या सुटल्या, ती पलंगावर कोसळली. कपडे वाळत घालायची दोरी सुटली आणि ओली पातळं अंगणात लोळली. हंसाबाई कुंपणापलीकडे जाऊन आपल्या बकऱ्यांची दावी सोडून आल्या, कारण गाठ ती गाठ. परत आल्या तर आकडा बासष्टच. त्यांनी बडेबाबूंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि नजर मध्येच थांबली.

"बाबूजी, तुमचा पायजमा."

"पायजम्याचं काय?"

"नाडी हाय ना त्याले?"

शाळेत ज्यांच्या सहीशिवाय खडूची पेटी हलत नाही, त्या माणसाला हा प्रश्न भर दिवसा, शेजाऱ्यांसमोर विचारला गेला. बडेबाबूंनी मदतीसाठी जहीरभाईंकडे पाहिलं. जहीरभाई छताकडे पाहत होते. बडेबाबूंनी भिंतीकडे तोंड केलं, गाठ सोडली, डाव्या मुठीत पायजमा पकडला आणि शक्य तितक्या प्रतिष्ठेनं वळले.

पडद्यावर त्रेसष्ट होतं.

"पाह्यलं?" हंसाबाई ओरडल्या.

"सुभानल्ला!" जहीरभाई म्हणाले.

बडेबाबूंच्या पदवीचं त्या क्षणी जे झालं ते झालं. ज्याचा विश्वास उशिरा बसतो तो मग आवरत नाही, आणि त्यात माणूस हेडक्लार्क. कार्यवाही अर्धवट ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. एकही गाठ नजरचुकीनं राहता कामा नये म्हणून डाव्या हातात पायजमा धरून त्यांनी सगळ्या खोलीची तपासणी काढली. दाराचं तोरण सोडलं, कॅलेंडरचा दोरा सोडला. मग गुडघ्यांवर बसून टेबलाखाली वाकले. तिथे, अंधारात, त्यांना एक गाठ सापडली. करकचून मारलेली, भलतीच चिवट.

"हे पहा! हे राह्यली होती!" टेबलाखालून त्यांचा आनंदी आवाज आला. हातानं जमेना म्हणून त्यांनी ती दातांनी सोडली.

चिंधी मोकळी झाली. ढिल्या सॉकेटातून प्लग हळूच बाहेर आला आणि फरशीवर पडला.

खोलीतला निळा उजेड गेला. ठिपके गेले, त्रेसष्ट गेलं. काळ्या पडद्यात बैठक दिसू लागली, आणि बैठकीत उभी माणसं.

"याडी ये!" हंसाबाईंनी आपल्या बोलीत आईला हाक मारली.

जहीरभाई टेबलाशी वाकले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बडेबाबू, ते गाठ माही होती."

बडेबाबू टेबलाखालून बाहेर आलेच नाहीत. तिथे त्यांना बरं वाटत होतं. पण ओसरीवरून "हैक! हैक!" असा आवाज आला, आणि मागोमाग विजयमालाबाई आत आल्या. हातात टिपणांची चार पानं होती. बाकीची मोकळ्या सुटलेल्या बकरीनं खाल्ली होती. त्यांनी उघडी कपाटं पाहिली, कोसळलेली मच्छरदाणी पाहिली, अंगणातली पातळं पाहिली, मग काळा पडदा पाहिला, आणि शेवटी टेबलाखाली बसलेला नवरा, एका हातात पायजमा, दुसऱ्या हातात चिंधी.

"विजया," बडेबाबू म्हणाले, आणि घाबरल्यामुळे त्यांच्या तोंडून सरकारी मराठीच आली, "एक अनुचित प्रकार घडला आहे."

विजयमालाबाई पलंगाच्या कडेला मच्छरदाणीवरच बसल्या.

"उद्या पेपर हाय माहा," त्या म्हणाल्या.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं बोलल्या, जसं एखादी बाई गाडी निघून गेल्यावर स्टँडवर कोणाला तरी सांगते की याच गाडीनं जायचं होतं. बडेबाबू टेबलाखाली आणखी मागे सरकले. हंसाबाई तोंडाला पदर लावून बकऱ्या आवरायला गेल्या.

जहीरभाईंनी कोणाला न विचारता प्लग खोचला, चिंधी घेतली आणि पुन्हा बांधली. बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. मग ठिपके आले. आणि त्याखाली ही अक्षरं आली.

"आम्हाला अद्यतन पूर्ण करता आले नाही. केलेले बदल पूर्ववत करत आहोत. संगणक बंद करू नका."

बडेबाबूंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. पायजमा सावरत ते टेबलाखालून बाहेर आले आणि पडद्याच्या इतके जवळ गेले की चष्म्याच्या काचांत ठिपके फिरू लागले.

"आम्हाला जमलं नाही म्हणते," ते अस्फुट बोलले. "जहीरभाई, हे सोता म्हणून राह्यलं. आम्हाला जमलं नाही!"

त्यांच्या उभ्या हयातीत कुठल्याही वरिष्ठानं हे वाक्य लिहिलं नव्हतं. आणि नुसतं कबूल करून ते थांबत नव्हतं. मघापासून जे जे हलवलं होतं ते ते उचलून पुन्हा जागच्या जागी ठेवत होतं. नस्ती मागवली नाही, खुलासा मागवला नाही, प्लग कोणी काढला हेसुद्धा विचारलं नाही. एका माणसानं दातांनी गाठ सोडून केलेली चूक ते शांतपणे, दोरा ओढून शिवण उसवावी तसं, मागे नेत होतं. बडेबाबूंनी मंदिरं पाहिली होती, धरणं पाहिली होती, एकदा मंत्रालयही पाहिलं होतं. पण असं काही पाहिलं नव्हतं. परत आलेल्या हंसाबाईंनी दारातच चप्पल काढली.

थोड्या वेळानं पडदा उजळला. तोच जुना पडदा. तोच नयनचा फोटो. विजयमालाबाईंच्या फायली होत्या तिथेच.

"जिता जागता हाय!" जहीरभाई म्हणाले.

"पण जुनाच हाय ना," बडेबाबू खुर्चीत बसले. आश्चर्य ओसरल्यावर काळजी दुप्पट झाली होती. "अन् तिकडं श्रेयस्कर लिहून हाय."

त्यांनी विद्यापीठाच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बराच वेळ बासरी वाजली. मग एक मुलगी बोलली. बडेबाबूंनी तिला आपलं पद, सेवाकाल आणि सूचनेतलं वाक्य क्रमानं सांगितलं, मग दुपारची हकिकत, पायजमा वगळून.

"सर, जुन्या सिस्टिमवर पेपर चालतो. मॅडमचे आधीचे पेपर त्यावरच झालेत, इथे दिसतंय मला."

"पण तुमच्या सूचनेत श्रेयस्कर राहील असं स्पष्ट नमूद हाय."

"हो सर, नवीन असेल तर चांगलं."

"अन् नसल तर?"

"नसेल तर जुनं."

"मंजे कार्यवाही?"

"कसली कार्यवाही, सर? सल्ला आहे तो."

बडेबाबूंनी फोन ठेवला. लिहिलेल्या शब्दाचा अर्थ लिहिलेला तेवढाच असू शकतो, ही गोष्ट पचवायला त्यांना पाणी प्यावं लागलं. विजयमालाबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या उरलेली चार पानं नीट लावत होत्या.

"कोणतं खाल्लं वं बकरीनं?" हंसाबाईंनी हळूच विचारलं.

"नोकरशाहीचं प्रकरण."

"मंग आता?"

"ते राहू द्या. ते तं घरीच हाय माह्या."

दुसऱ्या दिवशी पेपर सुरू झाला. खोलीत दुसरं माणूस नको, दुसरा आवाज नको, नाहीतर पेपर रद्द, असा नियम होता. त्यामुळे साऱ्या गल्लीनं आवाज सोडून दिला. हंसाबाई बकऱ्या दुहेरी गाठीनं बांधून अंगणात काठी घेऊन बसल्या. जहीरभाई रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या मोटारसायकली तोंडावर बोट ठेवून अडवत होते आणि चालवणारे काही न समजताही उतरून गाडी ढकलत नेत होते. बडेबाबू घराच्या बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही अशा खिडकीशी, पालथ्या बादलीवर उभे होते. तिथून बायकोची पाठ आणि पडदा दोन्ही दिसत होतं.

अर्धा पेपर झाला असेल. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उघडली. अक्षरं ठळक होती, बडेबाबूंना बादलीवरून वाचता आली. "अद्यतन पुन्हा तयार आहे. थोड्याच वेळात संगणक आपोआप पुन्हा सुरू होईल." खाली दोन बटणं. आत्ता. नंतर.

बडेबाबूंच्या घशाशी हाक आली आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी आत दाबली. ओरडावं तर पेपर रद्द. न ओरडावं तर विंडो सुरू होणार आणि पेपर तसाही जाणार. त्यांनी हात हलवले, पण पाठीला डोळे नसतात. त्यांनी खिडकीच्या गजाला कपाळ टेकवलं आणि काल ज्याला हात जोडले नव्हते त्याला आज जोडले.

विजयमालाबाई लिहीत होत्या. बोटं चालू होती. वाक्य पुरं झालं, पूर्णविराम पडला. मग त्यांनी मान न वळवता, ताटावरची माशी हाकलावी तसं, "नंतर"वर टिचकी मारली. चौकट मिटली. बोटं पुढच्या वाक्याला लागली.

बडेबाबू बादलीवर तसेच उभे राहिले. ज्या यंत्रापुढे काल सारी गल्ली चप्पल काढून उभी होती, त्याला ही बाई "थांब जरा" म्हणाली होती, आणि ते थांबलं होतं. या बाईला आयुष्यात प्रत्येकानं नंतर म्हटलेलं होतं. आधी नयन लहान आहे म्हणून, मग सासूबाई आजारी आहेत म्हणून, आणि बऱ्याचदा तर काही कारण न देता, बादलीवर उभ्या असलेल्या माणसानंच. तिची पाठ ताठ होती. केसांत एक पेन खोचलेलं होतं, कॉम्प्युटरवर त्याचा काही उपयोग नसताना. कालपासून दिपून जाण्याची बडेबाबूंना सवय झाली होती, पण या वेळी त्यांना बादलीवरून खाली उतरावं लागलं, कारण डोळ्यांपुढचं स्पष्ट दिसेना.

पेपर पाठवल्याचा संदेश आला, तशा विजयमालाबाई उठल्या. बोटं मोडली, त्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. मग त्यांनी वाकून आपल्या हातानं "आत्ता" दाबलं. निळा पडदा आला, ठिपके फिरू लागले. त्या बाहेर आल्या आणि बैठकीचं दार ओढून घेतलं.

"कसा गेला वं?" हंसाबाई.

"लिहिला सारा."

"अवो, आत काम सुरू झालं ना?" बडेबाबू दाराकडे निघाले. "मी बसतो आत. कोणीतरी लक्ष ठेवाले पाह्यजे."

विजयमालाबाई दाराला पाठ लावून उंबऱ्यावर बसल्या आणि पाय लांब केले.

"काही नको. कोणी टक लावून बसलं की कोणाचंच काम नीट होत नाही. मी आत्ताच कॅमेऱ्यासमोरून उठून आली. करू द्या त्याले त्याचं त्याचं."

बडेबाबू थांबले. मग तेही खाली बसले, हंसाबाई बसल्या, जहीरभाई रस्त्यावरून येऊन बसले, आणि विजयमालाबाई प्रश्न काय आला, आपण काय लिहिलं, ते पहिल्यापासून सांगू लागल्या. त्या बंद दाराआड आकडा कितीवर थांबला आणि कधी पुढे गेला, हे राळेगावात कोणालाच कळलं नाही.